लिलावात घेतलेले ४१ रोल माझ्या पियानोवर बसत नाहीत: प्लेयर पियानोवाल्यांनो, जरा इकडे या

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन लिलावात पायाने चालवायचा एक प्लेयर पियानो घेतला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. हा पियानो स्वतःच वाजतो. पुढच्या फळीत एक खिडकी असते. तिच्यात भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी, म्हणजे रोल, बसवायचा आणि खालचे दोन पायटे मारत राहायचं. पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागतात. एडविन व्होटी या अमेरिकन शोधकाने १८९५ मध्ये ‘पियानोला’ नावाचा आपला पहिला प्लेयर बनवला तेव्हा तो वेगळा कपाटासारखा होता. तो पियानोसमोर ढकलून लावायचा आणि त्याची नमदा लावलेली लाकडी बोटं पट्ट्या दाबायची. काही वर्षांत सगळं यंत्र पियानोच्या पोटातच गेलं.

पेटी वाजवणाऱ्यांना भाता काय ते सांगायला नको. इथेही भातेच आहेत, पण काम उलटं. पेटीचा भाता हवा आत दाबतो, इथले पायटे हवा खेचून घेतात. खिडकीत एक पितळी पट्टी असते, तिच्यावर एका ओळीत ८८ बारीक भोकं, पियानोच्या प्रत्येक स्वराला एक. कागद तिच्यावरून सरकतो. कागदातलं भोक पट्टीतल्या भोकासमोर आलं की तिथून बाहेरची हवा नळीत शिरते, पातळ कातड्याची एक टिकली उचलते, टिकली झडप उघडते आणि त्या स्वराचा बोटाएवढा भाता झटकन मिटतो. भाता मिटला की हातोडी तारेवर. पुढची फळी काढून हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी संपूर्ण संध्याकाळ त्या मिटणाऱ्या भात्यांकडे बघत बसलो होतो.

आता अडचण. मागच्या महिन्यात एका लिलावात ‘जुने पियानो रोल, ४१ नग, तपासलेले नाहीत’ असा लॉट दिसला. फोटो एकच, खोकी एकावर एक रचलेली. शेवटच्या रात्री बोली लावली आणि लॉट मिळाला. पार्सल उघडलं तर कागद लाल! आणि रुंदीला माझ्या रोलपेक्षा चांगला दीड इंच जास्त. माझे रोल ११¼ इंचांचे, हे १२⅞. खोक्यावर ‘वेल्टे-मिन्यों’ असं छापलंय. माझ्या खिडकीत ते बसतच नाहीत.

एका खोक्याच्या झाकणात आतल्या बाजूने कोणीतरी पेन्सिलने रेघा मारल्यात. चार उभ्या, एक आडवी, अशा पाच-पाचच्या जुड्या. एकूण ६३ रेघा. तो रोल किती वेळा वाजवला याची मोजदाद असावी. त्यामुळे हे रोल नुसते परत विकून टाकायला हात होत नाही.

दोन प्रश्न आहेत. यांचं काय करू? आणि बोली लावण्याआधी मी काय पाहायला हवं होतं?

जुनीवही

मंद्रसप्तक, आधी एक विनंती. एकही रोल सरळ उलगडून पाहू नका. कागद शंभरेक वर्षांचा आहे आणि बहुधा कोरडा पडला असेल. कडा एकदा फाटू लागली की फाटतच जाते.

तुमच्या हाती आलंय ते अडगळ नाही. याला ‘लाल वेल्टे’ म्हणतात, तांत्रिक नाव टी-१००. एडविन वेल्टे आणि कार्ल बोकिश यांनी जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये १९०४ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. तोवरच्या रोलमध्ये कोणता स्वर केव्हा वाजवायचा एवढंच असायचं. जोर किती, लय कुठे सैल सोडायची, हे पायटे मारणाऱ्याच्या हाती, म्हणजे पायी असायचं. वेल्टेने वादकाचा जोरसुद्धा कागदावर आणला. कडेच्या वेगळ्या भोकांतून यंत्राला ‘इथे हळूहळू चढ’, ‘इथे दाब’ अशा सूचना मिळतात. अशा पियानोला रिप्रोड्यूसिंग पियानो म्हणतात आणि तो विजेच्या पंपावर चालतो.

संगीतकार गुस्ताव माहलरने नोव्हेंबर १९०५ मध्ये लाइपझिगला वेल्टेसाठी ४ रोल केले. त्याने स्वतः वाजवलेलं दुसरं काहीच आपल्याकडे नाही. ग्रीग, देब्यूसी, बुसोनी, सेन-साँस हे सगळे संगीतकार वेल्टेच्या यादीत आहेत. वेल्टेचा फ्रायबर्गचा कारखाना नोव्हेंबर १९४४ च्या बाँबहल्ल्यात गेला. त्यामुळे जिथे जिथे लोकांनी हे रोल घरात जपले तिथेच ते उरले. तुमच्या लॉटमध्ये कोणकोण वादक आहेत? खोक्यावरचे क्रमांक नाही, तर कागदाच्या सुरुवातीला छापलेले क्रमांक आणि नावं कळवा. रोलचं तोंड तेवढं चार बोटं बाहेर काढा, त्याहून जास्त नको.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबणार आहे. ते सवडीने लिहितो.

खटपट्या

मी भाते, नळ्या, झडपा यांतला माणूस, रोलचं जुनीवही सांगतीलच. एक शंका मात्र आत्ताच दूर करतो. ‘खिडकी थोडी रुंद करून घेतली तर?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कृपा करून तसं काही करू नका. रुंदी हा त्यातला सगळ्यात छोटा फरक आहे. लाल वेल्टेच्या पितळी पट्टीवर १०० भोकं असतात, एका इंचात ८. तुमच्या पट्टीवर एका इंचात ९. तीन भोकं जुळली तर चौथं चुकणार. नुसता गोंगाट वाजेल, आणि चांगला पियानो कापल्याचं पाप वेगळं.

उत्तररात्र

मंद्रसप्तक, वाईट वाटून घेऊ नका, माझीही पहिली खरेदी चुकलीच होती. मी ६५ स्वरांचे रोल घेऊन बसले होते. कागद ज्याच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या गाभ्याच्या दोन्ही टोकांना बाहेर आलेल्या खुंट्या दिसल्या तेव्हा कळलं. ८८ स्वरांच्या रोलला अशा खुंट्या नसतात. तेव्हापासून विक्रेत्याकडून गाभ्याच्या टोकाचा फोटो मागितल्याशिवाय मी बोली लावत नाही.

जुनीवही

उत्तररात्र, खुंट्यांची खूण अगदी बरोबर. आता सविस्तर लिहितो.

सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा रोल वेगळा असे. १९०८ मध्ये अमेरिकेत बफेलो इथे कारखानदार एकत्र बसले आणि रुंदी ११¼ इंच ठरली. ६५ स्वरांच्या रोलला इंचाला ६ भोकं आणि ८८ स्वरांच्या रोलला इंचाला ९. म्हणजे दोन्ही बाहेरून एकाच रुंदीचे. फोटोत पट्टी धरून रुंदी मोजून घेतली तरी फसगत होऊ शकते, ती इथेच. म्हणून भोकांचा जवळून फोटो हवा आणि त्यात मोजपट्टी ठेवलेली हवी. एका इंचात किती भोकं मावतात ते मोजलं की शंका उरत नाही.

याच ११¼ इंचात आणखी एक प्रकार शिरतो. नाणं टाकून वाजणाऱ्या पियानोंचा ‘ए’ रोल. त्यावर एकामागून एक १० गाणी असतात, त्यामुळे तो हातात घेतला तर जाड आणि जड लागतो. विक्रेते तो साधा पियानो रोल म्हणूनच लावतात, कारण त्यांच्या दृष्टीने भोकं पाडलेला कागद तो सगळा सारखाच.

मग रिप्रोड्यूसिंगवाले. डुओ-आर्ट हा एओलियन कंपनीचा, ॲम्पिको हा अमेरिकन पियानो कंपनीचा. दोन्ही ११¼ इंचांचेच, साध्या ८८ स्वरांच्या पियानोवर बसतात आणि वाजतातही. पण डुओ-आर्टमध्ये डावीकडची ४ आणि उजवीकडची ४ भोकं स्वरांची नसतात, ती जोराची असतात. १, २, ४, ८ अशा पटीतले चार छोटे भाते एकत्र किंवा सुटे मिटतात आणि त्यातून जोराच्या १६ पायऱ्या मिळतात. साध्या पियानोला हे कळत नाही. त्याला वाटतं खालचे चार खर्ज आणि वरचे चार तार स्वर वाजवायचेत. गाण्याच्या मध्येच खर्जात ढम्म ढम्म ऐकू आलं तर पियानो बिघडलेला नाही, रोल दुसऱ्या घरचा आहे. काही पियानोंत ही टोकाची भोकं बंद करण्याची कळ असते.

खोक्यांवर विश्वास ठेवू नका, हे तर दहा वेळा सांगावंसं वाटतं. शंभर वर्षं घराघरांत मुलांनी रोल वाजवले आणि हाताला लागेल त्या खोक्यात परत ठेवले. मी घेतलेल्या दर मोठ्या लॉटमध्ये काही रोल दुसऱ्याच खोक्यात निघाले. खरं नाव कागदाच्या तोंडावर छापलेलं असतं. तिथेच ‘टेम्पो ७०’ असा आकडाही असतो. त्याचा अर्थ मिनिटाला ७ फूट कागद. ८५ असेल तर साडेआठ फूट. आकड्याला १० ने भागायचं.

आणि शेवटी कागदाच्या कडा. विक्रेत्याला सांगा की रोल आडवा धरून बाजूने फोटो काढा. कडा बशीच्या काठासारखी गुळगुळीत दिसली तर उत्तम. पिसारा फुलल्यासारखी, दातेरी दिसली तर तो रोल एका बाजूला घासत चालवला गेलाय. कडेची भोकं फाटून बाहेरच्या हवेला मिळाली असतील तर ते स्वर सतत वाजत राहतील.

नवीपालवी

वाचनखूण साठवली. मी अजून काहीच घेतलेलं नाही. एका लिलावात उभा प्लेयर पियानो जवळजवळ फुकट जातोय. वर्णनात लिहिलंय, ‘पियानो वाजतो, रोलचं यंत्र बंद आहे, फक्त नळ्या बदलाव्या लागतील.’ घेऊ का?

खटपट्या

नवीपालवी, ‘फक्त नळ्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय! विक्रेता खोटं बोलतोय असं नाही. त्याला वरच्या नळ्या तेवढ्या दिसतात, म्हणून तो तेवढंच सांगतो.

आत काय असतं ते ऐका. ८८ छोटे भाते, प्रत्येकाला रबर चढवलेलं पातळ कापड. ते कापड वाळून पापडासारखं कडक झालेलं असतं आणि घडीवर चिरलेलं असतं. ८८ कातडी टिकल्या, त्याही वाळलेल्या. झडपांवरची कातडी बसलेली. खाली पायट्यांचे मोठे भाते, त्यांचं कापड उंदरांनी खाल्लेलं किंवा घडीत फाटलेलं. काही पियानोंत नळ्या शिशाच्या असतात. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरलेली दिसली तर शिसं आतून सडतंय, आणि ती भुकटी विषारी आहे, उघड्या हाताने घासू नका. काहींत जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग असतात, ते वर्षांनुवर्षं फुगत जातात आणि हातात घेतले की तुकडे पडतात.

हे सगळं दुरुस्त होतं. भाते एकेक सोडवायचे, जुनं कापड खरवडायचं, नवं चिकटवायचं. मी माझ्या पहिल्या पियानोला चौदा महिने दिले, रोज संध्याकाळी थोडं थोडं. त्यात दुःख नाही, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत शांत काळ होता. पण हे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर त्याची मजुरी पियानोच्या किमतीच्या कितीतरी पट होते. बाजारात दुरुस्त न केलेले उभे प्लेयर जवळजवळ फुकट मिळतात ते याच कारणाने. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून जास्त प्लेयर होते. मग रेडिओ आला, विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, १९२९ ची मंदी आली, आणि सगळं थांबलं. त्यामुळे साधे प्लेयर अजूनही पुष्कळ आहेत. घाई करायचं कारणच नाही.

आणि त्याआधी पियानो पियानो म्हणून धड आहे का ते बघा. हे लोक विसरतातच. सूर लावायच्या खुंट्या लाकडात घट्ट आहेत का? लाकूड चिरलं असेल तर सूर आठवडाभरही टिकत नाही. बिडाच्या चौकटीला तडा आहे का? एका ओळखीच्यांनी वर्षभर खपून यंत्र नवं केलं, पहिला रोल लावला, आणि तेव्हा कळलं की खुंट्या फिरताहेत. विक्रेत्याच्या गावातला पियानो सूर करणारा शोधा, त्याला पैसे देऊन पाठवा आणि त्याचं मत घ्या. बोली त्यानंतर.

तो तिथे जाणारच असेल तर आणखी एक चाचणी करून घ्या. पितळी पट्टीवरची सगळी भोकं रुंद टेपने बंद करायची, यंत्राची कळ वाजवायच्या बाजूला घ्यायची आणि पायटे मारायचे. दोन-चार वेळा मारल्यावर पायटा जड व्हायला हवा आणि थांबल्यावर काही सेकंद तरी दम टिकायला हवा. पाय पाण्यात हलवल्यासारखा सैल पडला तर सगळीकडून गळतंय.

सांजसकाळ

भाते चिकटवायला लाकडाचा पांढरा गोंद चालतो ना? तो पक्का बसतो आणि वासही येत नाही.

खटपट्या

सांजसकाळ, बसतो हो पक्का, म्हणूनच नको. सरस वापरा, तोच तो जनावरांच्या हाडा-कातड्याचा, डब्यात गरम करून लावायचा. सरसाने चिकटवलेला जोड वाफ आणि ऊब दिली की सुटतो. पांढरा गोंद लाकडाच्या रेषांत शिरतो आणि पुढच्या वेळी कापड काढताना लाकडाची सालपटं निघतात. मग त्या फळ्यांवर हवाबंद जोड बसतच नाही. कापड पुन्हा केव्हातरी बदलावं लागणारच आहे. १९१५ मध्ये ज्या कारागिराने सरस लावला त्याच्यामुळे मला आज हे भाते उघडता येतात. माझ्यानंतर जो कोणी उघडेल त्याला मी तीच सोय देणं लागतो.

उत्तररात्र

बोलीविषयी माझे अनुभव लिहिते.

शोधताना फक्त ‘प्लेयर पियानो’ लिहून थांबू नका. विक्रेत्याला वस्तू काय आहे हेच माहीत नसतं, तेव्हा तो वाटेल ते लिहितो. मला चांगले रोल ‘छिद्रांचा कागद’, ‘भिंतीवरच्या कागदाच्या छोट्या गुंडाळ्या’, ‘जुनी खोकी’ अशा नावांखाली मिळालेत. संगीतपेट्यांच्या विभागात रोल, पुस्तकांच्या विभागात रोल. कंपन्यांची नावं चुकीच्या अक्षरांनी टाकून पाहा.

आपली कमाल रक्कम आधी कागदावर लिहून ठेवा. ती ठरवताना लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन, कर आणि वाहतूक आधी वजा करा. रोलचा लॉट जड असतो.  मी स्वयंचलित बोलीत माझी कमाल रक्कम एकदाच टाकते आणि स्क्रीन बंद करते. शेवटच्या मिनिटाला बसून राहिले की हात थरथरतो आणि आकडा वाढत जातो.

‘दुर्मीळ’ या शब्दाला मी काहीच किंमत देत नाही. १९२० च्या दशकातली लोकप्रिय गाणी लाखांनी छापली गेली आणि भरपूर उरली आहेत. खरी दुर्मिळता वेगळीच असते. अमेरिकन संगीतकार स्कॉट जॉप्लिनने १९१६ मध्ये स्वतः थोडे रोल केले. त्याची एकही तबकडी नाही. असा अस्सल रोल आला तर जगभरातले लोक टपून असतात आणि तो अनोळखी खोक्यात फारसा सापडत नाही.

ग्रँड पियानोविषयी सावध करते. ‘स्टाइनवे डुओ-आर्ट’ असं लिहिलेलं असतं आणि आतलं यंत्र कधीच काढून टाकलेलं असतं. रेडिओच्या काळानंतर कित्येक पियानोंची आतडी अशीच काढली गेली. स्टाइनवेच्या डुओ-आर्ट ग्रँड यंत्रासाठी मुद्दाम लांब बनवलेल्या असतात, एक्सआर, ओआर अशी त्यांची नावं. म्हणजे लांबी आणि क्रमांक बरोबर असूनही आत काहीच नसू शकतं. पट्ट्यांच्या वरचा रोलचा कप्पा उघडून फोटो मागा, आणि खालून, पाठीवर झोपून काढलेला एक फोटो मागा.

आडवीचाल

माझ्याबाबतीत झालेलं सांगतो, कोणाला उपयोग झाला तर बरं. लिलावात उभा प्लेयर घेतला, चांगला दुरुस्त केलेला. वाहतूक सामान हलवणाऱ्या साध्या माणसांना दिली. त्यांनी तो पाठीवर आडवा घातला. पोहोचला तेव्हा रोलच्या खिडकीचे दोन खांब मोडलेले, वरचा भात्यांचा थर एका बाजूला कलंडलेला, शिशाच्या नळ्या दुमडलेल्या. उभा प्लेयर साध्या पियानोपेक्षा पुष्कळ जड असतो, तीनशे किलोच्या पुढेच धरा. पियानो हलवणारेच लोक हवेत आणि तो उभाच न्यायला हवा. विम्याच्या कागदावर ‘आतल्या यंत्रासह’ असे शब्द लिहून घ्या. माझ्या कागदावर नुसतं ‘फर्निचर’ होतं.

निळीशाई

एक मुद्दा कोणी काढला नाही. पट्ट्यांवर हस्तिदंत आहे का? हस्तिदंती पट्टीचा पांढरा भाग दोन तुकड्यांत असतो, मध्ये बारीक सांधा दिसतो आणि उजेडात तिरपं धरलं की लाकडासारख्या रेषा दिसतात. सीमेपलीकडून पियानो मागवताना हे महत्त्वाचं. ब्रिटनचा हस्तिदंतविषयक कायदा २०१८ चा, लागू झाला जून २०२२ मध्ये. त्यात १९७५ पूर्वीच्या आणि २० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वाद्यांना सूट आहे, पण नोंदणी करावी लागते. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, तेव्हा बोलीआधी दोन्ही देशांचे नियम वाचा. पियानो बंदरात अडकला तर सोडवायला कोणी येत नाही.

दुसरं म्हणजे, अस्सल रोलसाठी एवढा जीव का टाकायचा? नव्या कागदावरच्या नकला मिळतात. त्या कडक, ताज्या, फाटत नाहीत. वाजवायचंच असेल तर नक्कल घ्या ना.

जुनीवही

निळीशाई, वाजवायला नक्कलच घ्यावी, यात वाद नाही. मीही रोज नकलाच वाजवतो. जुना रोल प्रत्येक वेळी थोडा झिजतो, आणि ज्याची एकच प्रत माहीत आहे तो गंमत म्हणून वाजवणं मला बरोबर वाटत नाही.

पण नक्कल कशावरून करणार? अस्सल रोलवरूनच. आणि सगळ्या नकला सारख्या नसतात. पूर्वी रोलवरून रोल काढताना हवेवर चालणाऱ्या वाचकयंत्राने भोकं वाचली जायची. प्रत्येक भोक केसभर पुढेमागे सरकायचं. नकलेची नक्कल केली की चूक वाढायची. झपतालात ठेका थोडा सरकला तर कानाला लगेच टोचतं, तसंच हे. आता चांगले लोक रोल स्कॅन करतात. कारखान्यातलं भोकं पाडणारं यंत्र कागद ठरावीक बारीक पावलांनी पुढे सरकवायचं. त्या पावलाची लांबी शोधली की प्रत्येक भोक मुळात कोणत्या पावलावर होतं ते नेमकं सांगता येतं. कागद ताणलेला असो, आकसलेला असो, मूळ साचाच परत मिळतो. त्यासाठी फाटका का होईना, अस्सल रोल लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने हजारो रोल गोळा करून स्कॅन केले आणि लोकांसाठी खुले ठेवले, ते याच कामासाठी.

म्हणून लिलावात मी कागद विकत घेतो तेव्हा तो माझा झाला असं मला वाटत नाही. तो काही वर्षं माझ्याकडे ठेवायला आलाय. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते, चिकट पाझरतो आणि शेजारचा वेढा त्याला धरतो. आम्लरहित पातळ कागदाचा तुकडा आणि गव्हाची पातळ खळ, एवढ्यात काम होतं. वेळ लागतो, पण पुढच्याला ते सोडवता येतं.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीवहींनी सांगितल्याप्रमाणे एकेका रोलचं तोंड चार बोटं काढून नावं उतरवली. ४१ पैकी ९ खोक्यांत भलतेच रोल निघाले. तीन रोलांच्या कडा दातेरी आहेत, एकाचा गाभा सैल आहे. संपूर्ण यादी जुनीवहींना व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) पाठवली आहे.

माझ्या पियानोसाठी यातला एकही उपयोगाचा नाही हे आता मान्य केलंय. आधी दोन दिवस वाईट वाटलं. मग रेघांचं झाकण समोर ठेवून बसलो. ज्याने ६३ वेळा तो एकच रोल वाजवला त्याच्या नंतर तो कोणीच ऐकला नसेल तर माझ्या कपाटात ठेवून काय साधणार?

जुनीवही

मंद्रसप्तक, यादी पाहिली. माझ्याकडे लाल वेल्टेचं कपाट आहे, पियानोसमोर लावायचं, आणि स्कॅनरही आहे. तुमची हरकत नसेल तर सगळे रोल माझ्याकडे पाठवा. स्कॅन करून फायली तुम्हाला देतो आणि सगळ्यांसाठी खुल्याही ठेवतो. कागद परत हवा असेल तर परत पाठवीन. नको असेल तर बदल्यात ८८ स्वरांचे तितकेच रोल माझ्याकडून घ्या, तुमच्या खिडकीत बसणारे, प्रत्येकाच्या तोंडाचा आणि कडेचा फोटो आधी पाठवून.

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

पार्सल आज निघालं. प्रत्येक खोक्यावर आतल्या रोलचं खरं नाव लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधली आहे, चिकटवलेली नाही. १७ क्रमांकाचा गाभा सैल आहे. तो उघडताना डावीकडची चकती हाताने धरून ठेवा, नाहीतर कागद तिच्याखाली जातो. बदल्यात रोल चालतील, निवड तुम्हीच करा.

रेघांचं झाकण २६ क्रमांकाच्या खोक्याचं आहे. तो रोल आधी लावाल का?

जुनीवही

सगळे ४१ सुखरूप पोहोचले. चार दिवस खोलीत तसेच ठेवले, कागदाला इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून. मग २६ वा आधी स्कॅन केला, कारण वाजवताना काही झालं तर निदान तो हातून जायला नको. कडा चांगल्या निघाल्या. इतक्या वेळा वाजवूनही एकच भोक फाटलंय, खर्जाच्या बाजूला.

काल रात्री लावला. पहिली आठ-दहा सेकंद नुसता कोरा लाल कागद सरकत राहिला, पंपाचा आवाज तेवढा. मग डाव्या हाताचे दोन स्वर इतके हलके पडले की झडपा उघडल्या नाहीत की काय असं वाटून मी उठलो. त्या उघडल्या होत्या. वादकाने तिथे तेवढंच दाबलं होतं.

संपल्यावर एक रेघ मारावीशी वाटली. झाकणाला हात लावला नाही. आम्लरहित कागदाची वेगळी चिठ्ठी खोक्यात ठेवली आहे आणि तिच्यावर पेन्सिलने ६४ वी रेघ मारली आहे. तुम्हाला चालेल ना?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

चालेल. फाईल मिळाली, सकाळपासून तीनदा ऐकली. त्या तीन रेघा मात्र मारू नका, त्या कागदावरच्या नाहीत.